सांगून सांगून गुळगुळीत झालेला प्रवास

पत्र

मी बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेच्या इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेते. घर दांडिया बाजारात आहे. गेल्या नोव्हेंबरात मी एकटी जपानला जाऊन आले. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते, कमी पडले ते आजोबांनी दिले. नारा येथे शोसोइन या तिथल्या प्राचीन कोठारातल्या वस्तूंचे प्रदर्शन भरते ते पाहायचे होते. त्याला जोडून क्योतो आणि ओसाका पाहिले. परतल्यापासून जो तो विचारतो, "काय मग, कसं झालं जपान?" मग मी हरणांची गोष्ट सांगते, चुकीच्या गाडीत बसल्याची सांगते, बुलेट ट्रेनची सांगते. आता त्या गोष्टी दुसऱ्याच कुणाच्या वाटतात आणि त्यांच्यापलीकडचे फारसे आठवत नाही. फोनमध्ये चार हजारांवर फोटो आहेत, ते उघडवत नाहीत. प्रदर्शनात मात्र फोटो काढू देत नव्हते. तिथे एका जुन्या रेशमी कापडाच्या कडेचा एक धागा सुटून वर आला होता आणि तो आता हलेल, आता हलेल असे वाटून मी उभीच राहिले, तेव्हा मागचे एक वृद्ध गृहस्थ हलकेच खोकले.

आणखी एक गोष्ट आहे. क्योतोत मला दोन दिवस ताप होता. हॉस्टेलमध्ये पडदा ओढून पडून होते. आईचा फोन आपल्याकडच्या रात्री नऊला येई, तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असत. मी तिला सांगितले की आज गिन्काकुजी मंदिर पाहिले, आणि आधी काढलेला दुसऱ्याच बागेचा फोटो पाठवला. हॉस्टेलच्या बाईंनी पडद्याबाहेर तांदळाच्या पेजेची वाटी ठेवली होती. ती खाताना मला रडू आले. हे घरात कुणालाच माहीत नाही. आई मात्र आल्यागेल्याला गिन्काकुजीचे वर्णन करून सांगते. येत्या गणपतीत आमच्या मंडळाने मला जपानवर बोलायला सांगितले आहे. माझा प्रवास माझ्याकडे उरलाच नाही असे वाटते. काय करावे?

— एक विद्यार्थिनी, बडोदे

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

फारसे आठवत नाही असे तुम्ही ज्या पत्रात लिहिता, त्याच पत्रात सुटलेला धागा आहे, मागच्या गृहस्थांचे खोकणे आहे आणि पडद्याबाहेर ठेवलेली वाटी आहे. ज्याला आठवत नाही त्याच्या हातून अशी वाक्ये उतरत नाहीत. हरणे, चुकलेली गाडी आणि बुलेट ट्रेन यांचा मात्र तुम्ही नुसता नामोल्लेख करून पुढे गेला आहात. जे वारंवार सांगितले गेले ते झिजले आहे, आणि ज्याचा फोटो निघाला नाही किंवा जे कुणाला सांगितलेच गेले नाही ते तुमच्याजवळ शाबूत आहे, असे तुमचे पत्रच सांगते. म्हणून प्रवास उरला नाही हे तुमचे निदान मला मान्य नाही.

सांगण्याने आठवण पक्की होते अशी आपली समजूत असते आणि ती अर्धीच खरी आहे. अँडरसन आणि ब्यॉर्क दांपत्य या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना फळे, पेये अशा गटांतले शब्द शिकवले आणि मग काही गटांतल्या निम्म्याच शब्दांची उजळणी करून घेतली. उजळणी झालेले शब्द अर्थातच चांगले आठवले. परंतु त्याच गटातले उजळणी न झालेले शब्द, ज्या गटांना हातच लावला नव्हता त्यांतल्या शब्दांपेक्षाही कमी आठवले. म्हणजे एका गोष्टीला वारंवार हाक मारली की तिच्या शेजारच्या गोष्टी मागे ढकलल्या जातात. नारा म्हटले की हरणे, हरणे म्हटले की बिस्किटासाठी मान लववणारे ते एक हरीण, असा रस्ता तुमच्या मनात इतका मळला आहे की त्याच दिवशीचे बाकीचे नारा त्या रस्त्यावर येतच नाही. प्रयोगशाळेतले शब्द आणि माणसाचा प्रवास यांत अंतर आहे हे मी जाणतो, तरीही तुमच्या तक्रारीशी हे फार जुळते.

दुसरी झीज ऐकणाऱ्यामुळे होते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ मध्ये मांडलेला एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा वाचायला दिली आणि पुढे निरनिराळ्या कालावधींनी ती पुन्हा सांगायला लावली. दर वेळी कथा आखूड होत गेली, तिच्यातले अनाकलनीय प्रसंग गळाले, कनू या तिकडच्या अरुंद नावेची साधी होडी झाली आणि सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. कुणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. परकी गोष्ट आपल्या मापाची होत गेली, इतकेच. तुमच्या दिवाणखान्यातही हेच झाले असणार. मावशींना हसू येईल तेवढाच भाग राहिला, काकांना बुलेट ट्रेनच्या वेगात रस म्हणून वेग राहिला, आणि बडोद्यात त्याच तंत्राच्या गाडीसाठी खांब उभे राहिले असल्याने त्या विषयाला फाटेही भरपूर फुटले असतील. यात नातेवाइकांचा काही दोष नाही. "कसं झालं जपान?" हा प्रश्न विचारणाऱ्याला दोन मिनिटांचे उत्तर हवे असते आणि ते मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्या तीन गोष्टी त्यांच्यासाठी ठेवा. त्या झिजल्या म्हणून हळहळण्याचे कारण नाही. बाकीचा प्रवास त्यांच्या आडोशाला सुरक्षित राहिला असे मी म्हणेन.

आता फोटोंविषयी, कारण तुम्ही ते उघडत नाही याची तुम्हाला लाज वाटते असे पत्रातून जाणवते. लिंडा हेंकेल या संशोधिकेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवले आणि काही वस्तूंचे फोटो काढायला तर काही नुसत्या पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा अख्ख्या वस्तूचा फोटो काढणाऱ्यांना ती वस्तू आणि तिचे तपशील नुसते पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवले. ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला त्यांच्या बाबतीत मात्र ही घट दिसली नाही. पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना पाहिलेले अधिक आणि ऐकलेले कमी आठवत असल्याचे दिसले. या दोन अभ्यासांचा निष्कर्ष एकसारखा नाही, म्हणून फोटो वाईट असा सरसकट निकाल मी देणार नाही. तुमच्या कामाचे त्यातून एवढेच निघते की आवाज तुमच्या फोटोंत कुठेही नाहीत. ते सगळ्यांत आधी लिहावे लागतील. स्टेशनवर गाडी सुटताना वाजणारी धून, नारातल्या तोदाइजी मंदिराच्या आवारातल्या खडीवर शाळकरी मुलांच्या बुटांचा आवाज, हॉस्टेलमध्ये रात्री कुणीतरी दबकत ओढलेली बॅगेची चेन, असे जे काही तुमच्या कानांत असेल ते.

लिहिताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी फोटो न पाहता लिहा. दिवसवार लिहायला बसलात तर तुम्ही प्रवासाचा कार्यक्रम लिहाल, आणि कार्यक्रम तुमच्या तिकिटांवर छापलेलाच आहे. त्याऐवजी एका बैठकीत एकच जागा घ्या: हॉस्टेलची खाट, प्रदर्शनाबाहेरची रांग, ज्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, घेतले असतील त्याचे काउंटर. तिथे उजेड कुठून येत होता, पाय दुखत होते का, खिशात किती नाणी होती, कशाची भीती वाटत होती, असे स्वतःला विचारत जा. जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" असेच लिहा. कल्पनेने भरलेली जागा काही महिन्यांनी आठवणीसारखीच दिसू लागते आणि मग दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. एवढे झाल्यावर त्या जागेचे फोटो उघडा आणि ताडून पाहा. चुका निघतील. त्या खोडू नका, शेजारी नोंदवा; कारण भिंत हिरवी असताना तुम्हाला ती करडी का आठवली, यातही त्या दिवसाचे काहीतरी असते.

कलेच्या इतिहासाच्या विद्यार्थिनीला मी साधनांची पारख शिकवावी हे बरे दिसत नाही, पण स्वतःच्या प्रवासाला ती लावण्याचे आपल्याला सुचत नाही म्हणून सांगतो. नाराजवळच्या होर्यूजी मठातल्या सुवर्णमंदिरातली भित्तिचित्रे तुमच्या अभ्यासक्रमात अजिंठ्याच्या पद्मपाणीशेजारी ठेवून शिकवली जात असतील. २६ जानेवारी १९४९ रोजी लागलेल्या आगीत ती होरपळली. आज त्यांचे मूळ रूप कळते ते १९३५ मध्ये काचपट्ट्यांवर घेतलेल्या छायाचित्रांमुळे आणि आगीच्या आधीपासून चित्रकार हाताने करत असलेल्या नकलांमुळे. छायाचित्राने भेगसुद्धा टिपली. नक्कल करणाऱ्याला रेषा कुठे जाड होते आणि कुठे हात उचलला गेला हे ठरवावे लागले. तुमच्याकडे काचपट्ट्या चार हजार आहेत आणि हाताची नक्कल एकही नाही.

बाकीची साधने तुमच्या कपाटात असतील. दुकानांच्या पावत्या टाकल्या नसतील तर त्यांची तातडीने झेरॉक्स काढून घ्या, कारण त्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात. उजेडाने त्यांवरची अक्षरे उडतात, तापलेल्या कपाटात कागद काळवंडतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतही त्या लवकर खराब होतात. बडोद्याचा मे महिना त्यांना सोसणार नाही. गाड्यांसाठी इकोका कार्ड वापरले असेल तर त्यात शेवटचे वीस व्यवहार साठवलेले असतात आणि ते वाचणारी अ‍ॅप्स मिळतात. फोनमध्ये एनएफसीची सोय असली की कार्ड मागे टेकवायचे. कुठल्या तारखेला कुठल्या स्टेशनात शिरलात आणि कुठे बाहेर पडलात, किती येन गेले, हे पडद्यावर येते. चुकीच्या गाडीची गोष्ट त्या वीस व्यवहारांत सापडली तर खरी हकीगत आणि तुम्ही सांगता ती हकीगत यांत किती अंतर पडले आहे ते तुम्हालाच दिसेल, आणि ते पाहण्याची मला तुमच्याहून अधिक उत्सुकता आहे. देवळांतून घेतलेले गोशुईन, म्हणजे तिथले शिक्का मारलेले हस्ताक्षर, असेल तर त्यावर हाताने लिहिलेली तारीख असते. तसेच आईशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे बोलणे फाइल करून उतरवून घ्या. ते रोजचे आहे, त्यावर वेळ आहे, आणि त्यात एके ठिकाणी खोटे आहे हे तुम्हाला ठाऊक असल्याने ते वाचताना तुम्ही सावधही राहाल.

पाहण्याची सवय परत यायला हवी असेल तर तिच्यासाठी पुन्हा विमानात बसण्याची गरज नाही. जुन्या भित्तिचित्रांचा तांबेकरवाडा तुमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. फोन घरी ठेवून जा, एकाच भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहा, आणि घरी येऊन लिहा. परतल्यावर आपले गाव सपक वाटते अशी तक्रार तुमच्या वयाच्या वाचकांच्या पत्रांत नेहमी असते, तुमच्या पत्रात नाही, तरी ती ओळींमागे असावी अशी मला शंका आहे.

आता आईविषयी. परक्या देशात अंगात ताप असताना मध्यरात्रीच्या फोनवर तुम्ही खोटे बोललात, यासाठी मी तुम्हाला बोल लावणार नाही. त्या घटकेला खरे सांगून बडोद्यातल्या आईच्या हाती काळजीखेरीज काहीच पडले नसते. पण ती घटका संपून कितीतरी महिने झाले. तुम्ही सांगितलेले आता आई दुसऱ्यांना सांगते आहे, म्हणजे तुमचे खोटे तिच्या तोंडून वाढते आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही. हे उद्या एखाद्या फोटोच्या तारखेवरून किंवा तुमच्याच एखाद्या बेसावध वाक्यातून चारचौघांत उघडे पडले, तर तिला ताप लपवल्याचे जितके लागेल त्याहून आपण सर्वांसमोर फसलो याचे अधिक लागेल. म्हणून सांगायला हवे आणि गणपतीच्या आधी सांगायला हवे.

पाहुण्यांसमोर तिचे बोलणे दुरुस्त करू नका. दोघीच असाल तेव्हा, गवार निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, म्हणजे हाताला काम आणि नजरेला दुसरीकडे पाहण्याची सोय असताना सांगा. सुरुवात पेजेपासून करू नका. ती गोष्ट इतकी हळवी आहे की तिच्या आडून खोट्याची माफी मिळवल्यासारखे होईल. आधी सरळ म्हणा, "आई, क्योतोत मला दोन दिवस ताप होता आणि मी तुला खोटं सांगितलं. गिन्काकुजी मी पाहिलंच नाही." मग ती विचारील: किती ताप होता, औषध कुठले घेतलेस, डॉक्टरकडे का गेली नाहीस. प्रत्येक प्रश्नाचे नेमके उत्तर द्या, "काही विशेष नव्हतं गं" असे म्हणून उडवून लावू नका. ती चिडेल. कदाचित काही दिवस अबोला धरील. "पुन्हा एकटीला पाठवणार नाही" असेही म्हणेल, आणि ते नुसते रागातले बोलणे असेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. त्यावर वाद घालण्याऐवजी पुढच्या वेळी काय वेगळे कराल ते सांगा. जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९ हा क्रमांक आहे, परदेशी पर्यटकांसाठी इंग्रजीतून चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे, आणि प्रवास विमा घेतलेला असेल तर खर्चाच्या धास्तीने अंगावर दुखणे काढावे लागत नाही. तुम्ही तो घेतला होता की नाही हे पत्रात नाही. नसेल तर आईसमोर तेही कबूल करा.

त्याआधी एक काम मात्र करून ठेवा. ते दोन दिवस आधी लिहून काढा, मग आईला सांगा. पडद्याचा रंग, वाटीवर झाकण होते की नव्हते, पेजेत उमेबोशी हे त्यांचे आंबट-खारट मुरवलेले फळ घातले होते का, बाई काही बोलल्या की पावलांच्या आवाजावरूनच त्या आल्याचे कळले, हे सगळे. एकदा आईला सांगितले की ती मावशींना सांगेल, मावशी पुढे सांगतील, आणि वर्षभरात ती तुमची चौथी गोष्ट होईल. तसे झाले तरी चालेल, मात्र मूळ प्रत तुमच्याकडे असली पाहिजे. आणि राग ओसरल्यावर आईला तिच्या बाजूचे विचारा. नऊ वाजेपर्यंत ती काय करत असे, फोन लागला नाही तेव्हा कुणाला विचारले, आजोबा काय म्हणाले. तुमच्या प्रवासाचा तो भाग दांडिया बाजारात घडला आहे आणि तुम्ही तो पाहिलेला नाही. तोही त्याच वहीत लिहा.

राहिले मंडळाचे भाषण. गणपतीचा मांडव असल्याने जपानमधल्या गणपतीवर, म्हणजे कांगितेनवर बोलण्याचा मोह तुम्हाला होईल, आणि बहुधा आयोजकही तेच सुचवतील. तिथे त्याची मूर्ती सहसा दर्शनाला खुली नसते, त्याला मुळा वाहतात, आणि आपल्या मोदकाची आठवण यावी अशी सारण भरून तळलेली पुरचुंडी क्योतोत मिळते, इतके लोकांना नक्की आवडेल. पण तुम्ही ते प्रत्यक्ष पाहिले नसेल तर ती वाचलेली माहिती आहे असे सांगून दोन वाक्यांत आटपा. त्यापेक्षा तोदाइजीच्या महाबुद्धावर बोला, कारण नाराला गेलात म्हणजे त्याच्यासमोर तुम्ही उभ्या राहिला असणार. ७३६ मध्ये दक्षिण भारतातून बोधिसेन नावाचा भिक्षू जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये त्या प्रचंड मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रंगवण्याचा मान त्याला मिळाला. त्याच्या कुंचल्याला लांबच लांब दोर बांधले होते आणि जमलेल्यांनी ते हातात धरले होते, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सर्वांना लाभावे. तो कुंचला आणि ती निळी रेशमी दोरी आजही शोसोइनमध्ये आहे, ज्या कोठारातल्या वस्तू पाहण्यासाठी तुम्ही एवढ्या लांब गेलात. तिथून तुमच्या सुटलेल्या धाग्यावर या आणि तुम्हाला काय दिसले ते सांगा. तापाचे दोन दिवस मांडवात आणू नका, निदान यंदा तरी नको. हरणांचे कुणी विचारलेच तर हरणांची गोष्ट खुशाल सांगा, ती आता तुम्हाला तोंडपाठ आहे. फोटो दहाच्या वर दाखवू नका, आणि प्रोजेक्टर मंडळाचा असेल तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन चालवून पाहा.